नळीच्या टोकाला काय लावू?

आपल्या पिढीला एक रोग आहे. ॲक्सेसरीचा! मोबाइल घेऊन दुकानाची पायरी उतरायच्या आत त्याला कव्हर चढलेलं असतं. कॅमेरा घेतला की बॅग, ट्रायपॉड आणि कधीच न वापरलेले तीन फिल्टर. बाइकचं तर विचारूच नका. नवी कोरी बुलेट शोरूममधून निघते आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधीच तिचा सायलेन्सर बदललेला असतो. का? तर, ‘आवाज भारी येतो ना बॉस!’ त्या नव्या सायलेन्सरनं गाडीचा पिकअप वाढला, मायलेज वाढलं की फक्त सोसायटीतल्या आजोबांचं बीपी वाढलं, हे कुणी विचारत नाही. मग कधीतरी पोलीस असले सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीनं मांडतात, वरून रोलर फिरवतात. पेपरात फोटो येतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये ढाम्-ढाम् चालूच.

आजचा विषय साधारण हाच आहे. फक्त पाइप वेगळा आहे. रायफलचा.

दचकू नका! कुणाचा गेम-बिम करायचा नाहीये. ही रायफल हवेवर चालते, दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडते आणि तिची मालकीण नववीत शिकते. माझी मामेबहीण. मुक्काम पोस्ट पंढरपूर.

माझ्या मामाचं तिथं प्रसादाचं दुकान आहे. चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीच्या माळा. आषाढी-कार्तिकीला पाय ठेवायला जागा नसते आणि मधल्या महिन्यांत मामा गल्ल्यावर बसून पेपरातलं कोडं सोडवतो. या घरात रायफल शिरली कशी? यात्रेतून! फुगे फोडायच्या स्टॉलवर तुम्हीही कधीतरी नेम धरला असेल. त्या बंदुकांची माशी, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा तो नेम धरायचा खुंट, बहुतेक वेळा वाकडीच असते. आमच्या बाईसाहेबांनी सहावीत असताना दोन छर्रे वाया घालवून ती किती वाकडी आहे ते ओळखलं आणि पुढचे आठ फुगे सरळ फोडले. स्टॉलवाल्यानं तिला परत यायला मनाई केली. बास, तिथून सुरुवात.

मग १ ऑगस्ट २०२४ उजाडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यात स्वप्निल तेव्हा मध्य रेल्वेचा टीसी होता आणि पंढरपूरचं स्टेशनही मध्य रेल्वेचंच. मामाला अचानक साक्षात्कार झाला, की नेमबाजी हा श्रीमंतांचाच खेळ आहे असं काही नाही. तसं बघायला गेलं तर रायफल आणि महाराष्ट्र हे नातं जुनंच आहे. अंजली भागवत २००० साली सिडनीत एअर रायफलच्या फायनलला पोचली होती. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन. म्हणजे पोरीनं हट्ट धरला तो काही आभाळातून पडलेला नव्हता.

हट्ट पुरवला गेला. खेळ सोडलेल्या एका सीनियर मुलाकडून सेकंडहँड मॅच रायफल मिळाली. ॲल्युमिनियमचा स्टॉक, वजनाला हलकी, चार किलोच्या जरा आतच. शूटिंगवाल्यांच्या भाषेत ‘पीप साइट’. म्हणजे मागच्या बारीक भोकातून पुढच्या गोल माशीत बघायचं आणि त्या गोलात टार्गेटचा काळा ठिपका बसवायचा. सगळं झकास होतं. फक्त नळीच्या पुढचं नळकांडं, ज्यावर ती माशी बसते, तेच चेपलेलं होतं. नवं घ्यावं लागणार होतं.

आणि मला फोन आला.

‘दादा, तू इंजिनीअर आहेस ना? मग सांग, पुढं काय लावू?’

तीन पर्याय आणि एक मामा

तिच्यापुढं तीन पर्याय होते. पहिला, एका ऑनलाइन विक्रेत्यानं ‘लेटेस्ट’ म्हणून गळ्यात मारायला काढलेला चकचकीत तुकडा. बाजूला खिडक्यांसारखी भोकं पाडलेला, एकदम हॉलिवूड. दुसरा, लांब नळकांडं आणि त्यावर सरकवायची दोन वजनं. रेंजवरच्या मोठ्या मुली हेच वापरतात. तिसरा, आखूड नळकांडं. साधं, स्वस्त, आणि तिच्या शब्दांत ‘अगदीच बाळबोध’.

मागून मामाचा आवाज. ‘आरं, त्या नळकांड्यापायी मामीच्या पाटल्या मोडायच्या का काय? तू जरा नीट बघून सांग बाबा.’

आता मी इंजिनीअर खरा, पण हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधले बग शोधणारा. तरी म्हटलं, बग शोधण्याचा फंडा सगळीकडे एकच. औषध विकत घेण्याआधी आजार कुठला ते बघायचं. लागलो कामाला.

नळीच्या तोंडाला लावतात तरी काय?

दारूवर, म्हणजे काडतुसावर चालणाऱ्या रायफलच्या नळीच्या तोंडाशी जे काही बसवतात, त्याची कामं साधारण चार.

एक, ज्वाला झाकणं. गोळी बाहेर पडल्यावरही मागची दारू जळत असते, तोंडाशी भपका होतो. रात्री त्यानं गोळी झाडणाऱ्याचेच डोळे दिपतात. ‘फ्लॅश हायडर’ तो भपका फोडून कमी करतो. दोन, धक्का कमी करणं. ‘मझल ब्रेक’ पुढं जाणारा गॅस बाजूला किंवा थोडा मागं वळवतो, त्यामुळे खांद्याला बसणारा दणका घटतो. बदल्यात शेजारी उभा असलेल्या माणसाच्या कानाची वाट लागते. तीन, तोंड वर उसळू न देणं. ‘कॉम्पेन्सेटर’ गॅस वरच्या बाजूनं सोडतो, म्हणजे नळी खाली दाबली जाते. आणि चौथं, आवाज दाबणं. तो सिनेमातला सायलेन्सर.

यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी खऱ्या त्रासावरचा उपाय म्हणून जन्माला आली आणि प्रत्येकीनं स्वतःचा एक नवा त्रास सोबत आणला. १९५९ मध्ये आलेल्या रशियन एकेएम रायफलच्या तोंडाशी तिरकं कापलेलं एक साधं टोपण होतं. ऑटोमॅटिक फायरला नळी वर आणि उजवीकडे पळायची, त्या तिरक्या कापामुळे गॅस तिला उलट दिशेनं ढकलायचा. काम फत्ते, खर्च जवळपास शून्य. याउलट अमेरिकेच्या सुरुवातीच्या एम-सिक्स्टीनला पुढून उघडा, तीन पाकळ्यांचा फ्लॅश हायडर होता. ज्वाला छान झाकायचा. पण व्हिएतनामच्या जंगलात त्या पाकळ्यांमध्ये वेली आणि गवत अडकायला लागलं! शेवटी पुढून बंद, पिंजऱ्यासारखा दिसणारा हायडर बसवावा लागला. कागदावर हुशार असलेली वस्तू झाडीत मूर्ख ठरली.

रायफल जितकी हलकी, तितका हा प्रश्न नाजूक. धक्का तोच असतो, पण तो पचवायला वजन कमी असतं. हलकी रायफल घेऊन कुणी खूश झाला, की तो धक्क्याची तक्रार करतो आणि मग तोंडाला ब्रेक लावून परत वजन वाढवतो. आपण स्लिम लॅपटॉप घेऊन नंतर त्याला हब, हार्ड डिस्क आणि कूलिंग पॅड लटकवतो, तसलाच प्रकार.

पण हिला धक्का बसतो तरी का?

इथं मी कागद-पेन्सिल काढली. भारतीय सैन्याची इन्सास रायफल आपल्या पुण्याच्या पाषाणमध्ये, एआरडीईत डिझाइन झाली. ती चार किलोच्या आसपास भरते. तिची गोळी सुमारे ४ ग्रॅमची, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या घरात. आमच्या बाईसाहेबांचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. वजन गुणिले वेग केलं तर इन्सासच्या गोळीचा जोर या छर्‍याच्या चाळीसपट भरतो. त्यात जळत्या दारूचा गॅस मी धरलेलाच नाही. एअर रायफलमध्ये ज्वाला नसते, दारू नसते, धक्का जाणवेल न जाणवेल इतका.

मग धक्का मारायला ब्रेक कशाला? तर कशालाच नाही. पहिला पर्याय हा नसलेल्या तापावरचा पॅरासिटामॉल होता.

आणि थांबा, खरी मजा पुढं आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात रायफलवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर चालतच नाहीत. नळीला किंवा पुढच्या नळकांड्याला भोकं पाडलेली चालत नाहीत. एअर पिस्तुलाला अशी भोकं चालतात, म्हणून दुकानात दोन्ही शेजारी शेजारी दिसतात आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ उडतो. म्हणजे पोरीनं तो चकचकीत तुकडा घेऊन स्पर्धेला जायचं, इक्विपमेंट चेकिंगच्या टेबलावर रायफल ठेवायची आणि तिथूनच घरी परत यायचं. विक्रेत्यानं हे सांगितलं होतं का? छे! त्यानं ‘प्रोफेशनल लुक’ येतो एवढंच सांगितलं होतं.

इथं तुमच्यासाठीही एक सूचना, कारण वीकेंडला एअरगनवर टिनचे डबे पाडणारे आपल्या वाचकांतही असतील. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही, हे खरं. पण तिच्या तोंडाला काय लावायचं यात गंमत नको. १९५९ चा शस्त्र कायदा ‘फायरआर्म’ची व्याख्या करतो, तेव्हा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेली जोडणीही त्याच व्याख्येत घेतो. म्हणजे नुसता सायलेन्सर, बंदुकीशिवाय, खिशात असला तरी कायद्याच्या लेखी प्रकरण गंभीर आहे. परदेशी व्हिडिओत लोक गॅरेजमध्ये बसून रायफल जोडतात, तोंडं बदलतात. त्यांचा कायदा वेगळा, आपला वेगळा. गॅरेजमध्ये स्कूटी दुरुस्त करा.

उरले दोन

ब्रेक बाद झाल्यावर लांब की आखूड, एवढाच प्रश्न राहिला. सोपं वाटतंय ना? मलाही सोपं वाटलं होतं.

आधी हे बघा, की मॅच एअर रायफलची खरी नळी फार लांब नसतेच. साधारण ४२ सेंटीमीटर. पुढं जे दिसतं ते पोकळ नळकांडं. छर्‍याला त्याचा स्पर्शही होत नाही. त्याचं काम माशी डोळ्यापासून दूर नेणं. का? तर पुढची माशी आणि मागचं भोक यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकी नेमातली चूक कमी महागात पडते. समजा हे अंतर ८० सेंटीमीटर आहे आणि माशी ०.१ मिलिमीटरनं हलली. दहा मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर चुकेल. अंतर ६५ सेंटीमीटर असेल तर त्याच हलण्यानं तो दीड मिलिमीटरहून जरा जास्त चुकेल. फरक किरकोळ वाटतो? या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरची. दशांश गुणांवर निकाल लागतो. तिथं किरकोळ काही नसतं.

म्हणजे लांब घ्यायचं? नियमात हीही सीमा आहे. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून दिसणाऱ्या तोंडापर्यंत ८५० मिलिमीटर, त्यापुढं नाही. वजनाची सीमा साडेपाच किलो. पण नीट ऐका, साडेपाच किलो हे ‘जास्तीत जास्त’ आहे. कमीत कमी किती, याचा नियम नाही. रेंजवर मात्र पोरापोरींचा समज उलटा होता. ‘मोठ्या मुलींची रायफल पाच किलोच्या वर आहे, माझी पण पाहिजे.’

आता त्या वजनांचा फंडा. वजन पुढं का लावतात? नळी स्थिर राहावी म्हणून. पुढं धरलेल्या हातापासून २० सेंटीमीटरवर ३०० ग्रॅम लावा किंवा ६० सेंटीमीटरवर १०० ग्रॅम, हातावर येणारा भार सारखाच. पण थरथर रोखायची ताकद अंतराच्या वर्गानं वाढते. त्यामुळे टोकाशी लावलेले १०० ग्रॅम थरथरीविरुद्ध जवळच्या ३०० ग्रॅमच्या तिप्पट काम करतात. हलकी रायफल असेल तर हीच युक्ती. थोडं वजन, पण टोकाला. वाचून मी खूश झालो. म्हटलं, मिळालं उत्तर! लांब नळकांडं, टोकाला वजन, विषय संपला.

मग मी शनिवारी गाडी काढली. फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, पालखीच्याच रस्त्यानं पंढरपूर गाठलं आणि रविवारी तिला सोलापूरच्या रेंजवर घेऊन गेलो.

साठ गोळ्यांचा खेळ

तिथल्या सरांनी त्यांच्या पेटीतून दोन्ही नळकांडी आणि वजनं ट्रायलला काढून दिली. एकच अट घातली. ‘दहा-वीस गोळ्या मारून ठरवायचं नाही. प्रत्येक सेटिंगला पूर्ण साठ. आणि एका दिवशी एकच सेटिंग.’ स्पर्धेत साठच असतात, सव्वा तासात. तीन सेटिंग म्हणजे तीन रविवार. पहिल्या आणि तिसऱ्याला मी होतो, मधल्याला मामा दुकान मामीवर टाकून एसटीनं घेऊन गेला.

उभं राहून मारायची पद्धत तुम्ही बघितलीय? डावा कोपर हवेत नसतो, तो कमरेच्या हाडावर टेकतो. रायफलचा भार स्नायूंनी नाही, हाडांनी पेलायचा. कमरेवर भार देऊन तासन्‌तास निवांत उभं राहायचं! सर हसून म्हणाले, ‘पंढरपूरच्या पोरीला हे आम्ही काय शिकवणार?’

पण विठोबाच्या हातात चार किलोची रायफल नसते. ती धरायची तर पाठ मागं आणि बाजूला वाकवावी लागते, म्हणजे भार बरोबर पायांवर येतो. वजन पुढं गेलं की पाठ आणखी मागं जाते. वाढत्या वयातल्या, एक्केचाळीस किलोच्या पोरीची पाठ.

तीन रविवारचे आकडे हे असे. वीस-वीस गोळ्यांचे तीन भाग केलेत.

लांब नळकांडं आणि दोन्ही वजनं: १९५.२, १९२.८, १८६.०. एकूण ५७४.०.

लांब नळकांडं, वजनाशिवाय: १९४.१, १९३.७, १९१.५. एकूण ५७९.३.

आखूड नळकांडं: १९१.८, १९२.४, १९१.६. एकूण ५७५.८.

पहिली ओळ परत वाचा. पहिल्या वीस गोळ्यांत वजनवालं सेटिंग सगळ्यांत भारी आहे. दुकानात उभं राहून, रेंजवर मैत्रिणीची रायफल पाच मिनिटं हातात घेऊन आपण जे ठरवतो, ते या पहिल्या वीसवरून ठरवतो. नळी एकदम खिळल्यासारखी स्थिर. सॉलिड! आणि शेवटच्या वीस गोळ्यांत तेच सेटिंग सगळ्यांत खाली. चाळिसाव्या गोळीनंतर तिचं डोकं एकीकडे झुकायला लागलं, ती दर दोन गोळ्यांनी रायफल स्टँडवर टेकवायला लागली. मी वही धरून बसलो होतो म्हणून मला दिसलं.

परत येताना मोहोळजवळ चहाला थांबलो, तेव्हा तिनं हळूच सांगितलं. ‘दादा, पाठ दुखते. दोन महिने झाले. पप्पांना सांगू नकोस, बंद करतील सगळं.’

घ्या. इतके दिवस मी मिलिमीटर आणि ग्रॅम मोजत होतो. आणि पोरगी दोन महिने गप्प बसून, जुन्या रायफलीच्या पुढं आणखी वजन कसं लावता येईल ते शोधत होती. कारण मोठ्या मुलींच्या रायफलीला ते आहे.

मामाला सांगावंच लागलं. मी तिला तसं सांगून मगच सांगितलं. मामा आधी चिडला, मग गप्प झाला, मग म्हणाला, ‘पोतं उचलायचं तर आपण आधी पाठीचा अंदाज घेतो. हिला कुणी सांगितलंच न्हाई.’ दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. गंभीर काही निघालं नाही. पंधरा दिवस विश्रांती, पाठीचे आणि पोटाचे व्यायाम, आणि रायफलला एक ग्रॅमही वाढवायचा नाही, ही ऑर्डर. म्हणून पुढचे दोन रविवार हलक्या सेटिंगचे झाले, तेही विश्रांतीनंतर.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, अहो, मग नंतरचे आकडे आरामामुळे सुधारले असतील! बरोबर आहे. तीन रविवारांनी विज्ञान सिद्ध होत नाही, असं सरही म्हणाले. पण त्यांनी आणखी एक सांगितलं ते मला जास्त पटलं. ते एकूण गुण बघत नाहीत. पहिल्या वीस आणि शेवटच्या वीसमधली दरी बघतात. दरी मोठी म्हणजे रायफल शरीराला जड. वजन कमी करा. दरी नाही, पण सगळेच गुण विखुरलेले म्हणजे रायफल फार चंचल. मग टोकाला पन्नास ग्रॅम लावून बघा. एवढंच.

तर काय घेतलं?

लांब नळकांडं, वजनाशिवाय. आखूड नळकांड्याची दरी सगळ्यांत कमी होती, हे खरं, पण लांबमध्ये ती थोडीच जास्त आणि माशी दूर गेल्याचा फायदा पदरात. वजनं घेतलीच नाहीत. ती पुढं केव्हाही सरकवता येतात, नळकांडं तेच राहतं. दोन वर्षांनी खांदे भरले, की पन्नास ग्रॅमपासून सुरुवात. वजनाचे वाचलेले आणि चकचकीत तुकड्याचे न गेलेले पैसे शूटिंग जॅकेटला लावले. ते जाड, ताठ जॅकेट पाठीला खरा आधार देतं आणि तिचं जुनं जॅकेट तिला दोन साइज मोठं होतं. म्हणजे सगळे नळीच्या तोंडाकडे बघत होते आणि दुरुस्ती पाठीकडे हवी होती. मामीच्या पाटल्या सुखरूप.

बाईसाहेब खूश झाल्या का? अजिबात नाही! ‘मोठ्या मुली हसतील’ म्हणून दोन दिवस तोंड फुगवून होती. नंतरच्या महिन्यात तिचे शेवटचे वीस पहिल्या वीसच्या एका गुणाच्या आत आले, तेव्हा तो फुगा आपोआप फुटला. जिल्ह्याच्या टीमची निवड अजून व्हायची आहे. होईल की नाही, माहीत नाही. पण पाठ दुखत नाही. आणि दुखली तर आता ती सांगते, ही माझ्या लेखी त्या सव्वा मिलिमीटरपेक्षा मोठी कमाई.

तुमच्या घरातलं कुणी नेमबाजीत उतरलं असेल, तर हे एवढं कात्रण कापून ठेवा. नळकांडं, वजन, माशी काहीही घेण्याआधी चालू नियमपुस्तक उघडा किंवा कोचला विचारा, विक्रेत्याला नको. कुठला त्रास घालवायचाय, तो एका ओळीत लिहा. ओळ लिहिता येत नसेल तर खरेदी पुढं ढकला. उसनं घेऊन पूर्ण साठ गोळ्या मारा आणि शेवटच्या वीसवरून ठरवा. मुलगा किंवा मुलगी वाढत्या वयाची असेल, तर आधी पाठ, मग जॅकेट, मग नळी, असा क्रम ठेवा.

आणि हो, ‘कुठं दुखतंय का?’ हे मॅचच्या आधी नाही, मॅचनंतर परतीच्या वाटेवर चहा पिताना विचारा. खरं उत्तर तिथंच मिळतं.